एक वास्तू, सोळा साक्षी : सामायिक एक्स्पोजरांवरील एच. डी. आर. संपादनाची चिकित्सा

१

ग्रंथाचे संपादन आणि छायाचित्राचे संपादन ह्या दोन भिन्न व्यवसायांना मराठीत एकच शब्द लाभला आहे. हा केवळ भाषेतील योगायोग होय असे मानून वाङ्मयाचे अभ्यासक सहसा पुढे जातात. तथापि गेल्या तीन दशकांत छायाचित्रणात रूढ झालेली एक पद्धती अशी आहे, की तिचे गुणदोष ठरविण्यास पाठचिकित्सेची परिभाषाच सर्वांत उपयुक्त ठरावी. एकाच दृश्याची, एकाच जागेवरून, कमीअधिक प्रकाश घेऊन अनेक चित्रे टिपावयाची आणि त्या सर्वांच्या आधारे एक चित्र सिद्ध करावयाचे, अशी ही पद्धती आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'एच. डी. आर.' ह्या नावाने ओळखली जाते. मूळ चित्रांपैकी प्रत्येकास एक्स्पोजर आणि त्यांची मालिका घेण्याच्या क्रियेस ब्रॅकेटिंग असे म्हणतात.

ह्या पद्धतीबरोबर सरावाचा एक प्रघातही वाढला. कोणा एकाने काढलेली मालिका अनेकांच्या हाती द्यावयाची आणि प्रत्येकाने आपापल्या परीने तिच्यातून चित्र घडवावयाचे, असा तो प्रघात होय. त्याकडे बहुधा कौशल्याचा खेळ म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः छायाचित्र-संपादनाची काटेकोर चिकित्सा शक्य करणारी परिस्थिती ह्या प्रघातानेच निर्माण केली. आणि ह्या संपादनातील सर्वांत मोठा धोकाही त्यानेच उघड केला. ह्या दोन्ही बाजूंचा विचार येथे यवतमाळ जिल्ह्यातील वास्तूंच्या संदर्भात करावयाचा आहे.

२

यवतमाळचा प्रदेश प्रकाशाच्या दृष्टीने टोकाचा आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण सुमारे २०.४ उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. जिनिंगच्या आवारात पडलेले कापसाचे ढीग आणि वणीकडील उघड्या खाणींतील कोळसा ही दोन्ही ह्याच जिल्ह्याची संपत्ती. पांढऱ्याची आणि काळ्याची अशी परिसीमा एका जिल्ह्यात क्वचितच भेटते. परंतु छायाचित्रकाराची खरी कसोटी लागते ती देवालयांत.

कळंब येथील चिंतामणीचे स्थान जमिनीच्या पातळीखाली आहे. भक्त उन्हातून पायऱ्या उतरून कुंडाजवळ येतो आणि तेथून देवापुढे जातो. दर बारा वर्षांनी कुंडातील गंगा वर येते अशी ह्या स्थानाविषयी श्रद्धा आहे. यवतमाळ शहरालगतच्या लोहारा येथील कमलेश्वराचे देवालय हेमाडपंती घडणीचे आहे. तेथे काळ्या दगडाचे बांधकाम, आखूड दार आणि आत दाटलेला अंधार अशी परिचित रचना आढळते. उघड्या आवारातील भर दुपारचा प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो, तर समईच्या एका वातीचा प्रकाश हातभर अंतरावर जेमतेम काही लक्स. हे प्रमाण लाखास एक ह्याच्या घरात जाते. छायाचित्रकाराच्या भाषेत एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. त्या हिशेबाने आवार आणि गाभारा ह्यांच्यात पंधरा ते सतरा स्टॉपांचे अंतर पडते. आजच्या उत्तम कॅमेऱ्याचा पल्ला चौदा स्टॉपांच्या आसपास थांबतो. छापील कागदाची मर्यादा तर फारच संकुचित आहे : चकचकीत कागदावरही सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटा ह्यांचे प्रमाण शंभरास एक ह्याच्या आसपासच राहते.

म्हणून एका एक्स्पोजरात दोहोंपैकी एकाचा त्याग अटळ ठरतो. आवार धरले तर गाभाऱ्याचे दार काळ्या चौकटीसारखे उरते. गाभारा धरला तर आवार पांढरे फटक पडते. वऱ्हाडातील देवालयांच्या अभ्यासास ह्या मर्यादेची झळ पूर्वीपासून पोहोचत आली आहे. हेन्री कझिन्स यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ साली आणि दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या काळापासून वास्तूचा अभ्यासक जागेवर न जाता जे काही जाणतो, त्यातील बराच भाग छायाचित्रांच्या आधारे जाणतो. ही छायाचित्रे कशी घडतात हा प्रश्न म्हणूनच केवळ छायाचित्रकारांच्या आस्थेचा राहत नाही.

३

अनेक निगेटिव्हांतून एक चित्र करण्याची कल्पना नवी नव्हे. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे केली, त्यांपैकी काहींत आकाश आणि पाणी ह्यांसाठी स्वतंत्र निगेटिव्ह वापरल्या होत्या. एकाच आकाशाची निगेटिव्ह त्याने एकाहून अधिक समुद्रांना जोडल्याचेही दिसून येते. येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करावयास हवा. एका स्थळाच्या अनेक साक्षी जुळविणे निराळे आणि एका स्थळाला दुसऱ्याची साक्ष जोडणे निराळे. ल ग्रे याच्या कलेविषयी आदर बाळगूनही त्याच्या दुसऱ्या रीतीस संपादन म्हणता येत नाही. ती रचना होय.

खऱ्या अर्थाने साक्षी जुळविण्याची पद्धत संगणकाच्या साहाय्याने आली. स्टीव्ह मॅन आणि रोझलिंड पिकार्ड यांनी १९९५ साली तिची मांडणी केली. १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी तिला सर्वमान्य रूप दिले. त्यांच्या निबंधातील प्रमुख उदाहरण कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्मारक-प्रार्थनामंदिराचे आहे. फिल्मवर १६ एक्स्पोजर घेतली होती. सर्वांत दीर्घ ३० सेकंदांचे, सर्वांत अल्प १/१००० सेकंदाचे आणि लगतच्या दोहोंत एका स्टॉपचे अंतर. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या एक्स्पोजरांत सुमारे तीस हजार पटींचा फरक होता. सूर्य नेमका उजवीकडील खिडकीच्या मागे होता आणि छताखालचे कोपरे गडद छायेत होते.

हा संच सर्वांना खुला करण्यात आला आणि पुढील काळात त्याला अभ्यासाच्या पाठ्यपुस्तकाचे स्थान प्राप्त झाले. टोन मॅपिंगच्या नव्या पद्धती सिद्ध होत गेल्या, तेव्हा त्यांपैकी अनेकींची परीक्षा ह्याच वास्तूवर झाली. ओपनसीव्ही ह्या मुक्त आज्ञावली-संग्रहातील ह्या विषयाचा प्राथमिक पाठही ह्याच १६ चित्रांवर आधारलेला आहे. ज्यांनी ते प्रार्थनामंदिर कधीही पाहिले नाही अशा असंख्य विद्यार्थ्यांनी त्याचे चित्र घडविले आहे. सामायिक एक्स्पोजरांवरील सरावाचे हे सर्वांत नमुनेदार उदाहरण होय.

४

ह्या संपादनात दोन पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

पहिली पायरी एकत्रीकरणाची. फिल्म किंवा कॅमेऱ्यातील सेन्सर प्रकाशाची नोंद जशीच्या तशी क्वचितच देतो. फार कमी प्रकाश गोंगाटात बुडतो, फार अधिक प्रकाश एका कमाल आकड्याशी थांबतो. मधल्या भागातही दुप्पट प्रकाशास दुप्पट आकडा मिळेल असे नसते. डेबेवेक आणि मलिक यांच्या पद्धतीत ही वक्रता प्रथम त्या चित्रांवरूनच शोधून काढली जाते. नंतर प्रत्येक बिंदूसाठी सर्व एक्स्पोजरांची साक्ष घेतली जाते. मधल्या छटेत बोलणाऱ्या साक्षीला अधिक वजन, टोकाच्या साक्षीला अल्प वजन, असा न्याय लावून त्या बिंदूवरील प्रकाशाचे सापेक्ष मूल्य निश्चित होते. अशा मूल्यांचा जो पट तयार होतो त्याला दीप्तिपट म्हणता येईल.

दुसरी पायरी टोन मॅपिंगची. दीप्तिपटाचा विशाल पल्ला कागदाच्या किंवा पडद्याच्या लहान पल्ल्यात बसवावयाचा असतो. येथे उत्तर एकच नसते. २००२ ह्या एकाच वर्षी राइनहार्ड आणि सहकारी, ड्युरान आणि डॉर्सी, तसेच फताल आणि सहकारी यांनी तीन भिन्न उत्तरे मांडली. २००७ साली मेर्टेन्स आणि सहकारी यांनी दीप्तिपट न बनविताच एक्स्पोजरांतील चांगले अंश थेट मिसळण्याची रीत सुचविली. तिच्या सोयीमुळे ती लोकप्रिय झाली, परंतु तिच्यात संहिता आणि भाष्य ह्यांमधील सीमारेषाच पुसली जाते.

पाठचिकित्सेची आठवण येथे होते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, ती स्मरणाच्या बळावर पुन्हा सिद्ध करण्यात आली आणि पुढे तिचे भिन्न पाठ चालत राहिले. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीमागे अशा पोथ्यांच्या तुलनेचे दीर्घ परिश्रम आहेत. एक्स्पोजरांची मालिका म्हणजे पोथ्यांचा समूह, दीप्तिपट म्हणजे निश्चित केलेली संहिता आणि टोन मॅपिंग म्हणजे त्या संहितेवरील भाष्य, अशी ही संगती लागते.

अर्थात ही उपमा ताणता येत नाही. पोथ्यांतील भेद लेखकाच्या अनवधानातून, आठवणीतून किंवा हेतुपुरस्सर केलेल्या बदलांतून येतात. त्यांना निश्चित नियम नसतो. एक्स्पोजरांतील भेद मात्र वेळेच्या ज्ञात प्रमाणातून येतात. दहा पोथ्या एकमेकींना खोट्या पाडू शकतात. एक्स्पोजर परस्परांना पुरवणी जोडतात, कारण प्रत्येक साक्षी प्रकाशाच्या एका पट्ट्यापुरताच खरे बोलतो. हा फरक लक्षात घेतला म्हणजे एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. छायाचित्राच्या संपादकाला पहिल्या पायरीवर मतभेदाला फारसा वाव नाही. त्याचे स्वातंत्र्य, आणि म्हणून त्याची जबाबदारी, दुसऱ्या पायरीवर सुरू होते.

५

अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी निगेटिव्हला संगीतरचनेच्या लिखित स्वरलिपीची आणि छापील चित्राला तिच्या वादनाची उपमा दिली होती. सामायिक एक्स्पोजरांवर सराव करणाऱ्यांची भूमिका बहुधा हीच असते : बंदिश एक, गायक अनेक. ह्या भूमिकेत औदार्य आहे. परंतु गायनात चूक कोणती आणि विस्तार कोणता, हे ठरविणारी परंपरा असते, तशी येथे अद्याप दृढ झालेली नाही. परिणामी 'प्रत्येकाची आवड निराळी' ह्या वाक्याने चर्चा संपते.

ती तेथे संपण्याचे कारण नाही. भिन्न छायाचित्रकारांनी भिन्न वेळी काढलेल्या चित्रांची तुलना करताना प्रकाश, भिंग, जागा आणि संपादन ह्यांपैकी कोणता फरक कशामुळे पडला हे सांगणे कठीण असते. सामायिक संचात पहिली तीन कारणे सर्वांना समान असतात. दोन चित्रांत जो फरक उरेल तो सर्वस्वी संपादकाचा. म्हणूनच येथे टीका नेमकी होऊ शकते आणि ती पुढील तीन निकषांवर करता येते.

पहिला निकष क्रमाचा. दृश्यात जे अधिक उजळ आहे ते चित्रातही अधिक उजळ राहावे. सर्व बिंदूंना एकच चढती वक्ररेषा लावणाऱ्या पद्धतीत हा क्रम आपोआप टिकतो. अंतरे आकसतात, पण उलट होत नाहीत. परिसर पाहून प्रत्येक ठिकाणी निराळा निर्णय घेणाऱ्या स्थानिक पद्धतींत तपशील अधिक खुलतो, परंतु क्रम मोडू शकतो. गाभाऱ्यातील दगड दाराबाहेरच्या फरसबंदीइतकाच किंवा तिच्याहून उजळ दिसू लागला, तर पाहणाऱ्याला प्रकाश कोठून येतो हेच कळेनासे होते. शिखराभोवती आकाशात दिसणारे फिकट वलय हाही ह्याच दोषाचा एक प्रकार होय.

दुसरा निकष द्रव्याचा. हेमाडपंती वास्तूचा दगड काळा आहे, आणि शतकानुशतकांच्या दिव्यांची काजळी व तेल ह्यांनी तो आतून अधिक काळवंडलेला असतो. सूक्ष्म तपशिलाचा विरोध वाढवीत नेला, म्हणजे गुळगुळीत झालेला खांब खरखरीत दिसतो, काजळीचा थर निळसर-करडा होतो आणि झिजलेली शिल्परेषा नव्याने कोरल्यासारखी भासते. झीज आणि काजळी हा वास्तूच्या इतिहासाचा पुरावा होय. तो संपादकाच्या हातून पुसला गेला, तर चित्र सुंदर होईल, पण साधन म्हणून निरुपयोगी ठरेल.

तिसरा निकष काळाचा. स्टॅनफर्डच्या संचातील सर्व एक्स्पोजरांच्या कालावधींची बेरीज सुमारे एक मिनिट होते. रिकाम्या प्रार्थनामंदिरात त्याने काही बिघडत नाही. कळंबला चतुर्थीच्या गर्दीत मात्र त्या मिनिटात माणसे येतात आणि जातात. समईची ज्योत प्रत्येक एक्स्पोजरात निराळी असते. अशा वेळी चित्रात अर्धपारदर्शक देह उमटतात किंवा आज्ञावली त्यांना काढून टाकते. दोन्ही प्रकारांत चित्र कोणत्याही एका क्षणाचे राहत नाही. वास्तूची नोंद म्हणून ते चालेल. उत्सवाची नोंद म्हणून ते चालणार नाही.

६

ह्या निकषांवर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. मानवी डोळा स्वतःच स्थानिक पद्धतीने पाहतो. उन्हातून गाभाऱ्यात आलेल्या माणसाला प्रथम काहीच दिसत नाही; काही मिनिटांत आकार उमटू लागतात आणि पूर्ण सराव होण्यास अर्धा तासही लागू शकतो. मग सर्वत्र तपशील दाखविणारे चित्र डोळ्याच्या अनुभवाशी अधिक प्रामाणिक नव्हे काय?

ह्याचे उत्तर वास्तूच्या रचनेतच मिळते. देवालयाच्या शिल्पकाराने सभामंडप, अंतराळ आणि गाभारा ह्यांची योजना उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या क्रमाने केली आहे. गाभाऱ्यातील अंधार ही तेथील उणीव नसून ती त्या रचनेची परिणती आहे. पाहणाऱ्याला दर्शन घडते ते त्या अंधाराला डोळे सरावल्यावर, म्हणजे चालून आणि थांबून. सर्व भाग एकाच समान उजेडात मांडणारे चित्र हा काळ आणि हा क्रम दोन्ही गमावते. त्यातील प्रत्येक तुकडा डोळ्याच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेशी जुळेल; परंतु त्या सर्व अवस्था एकदम कोणीही अनुभवलेल्या नसतात. म्हणून शिल्पाच्या तपशिलासाठी एक आणि वास्तूच्या अनुभवासाठी दुसरे, अशी दोन चित्रे एकाच दीप्तिपटातून करावीत आणि कोणते कशासाठी आहे हे स्पष्ट नोंदवावे, हाच मार्ग योग्य होय. एका चित्रावर दोन्ही कार्ये लादण्याच्या हव्यासातूनच ती भडक, सपाट आणि सर्वत्र सारखी भासणारी चित्रे जन्मास आली, ज्यांमुळे ह्या पद्धतीची पुष्कळ बदनामी झाली.

सामायिक सरावाचा धोका येथे लक्षात येतो. दुसऱ्याची एक्स्पोजर घेऊन बसलेला संपादक त्या जागी उभा राहिलेला नसतो. त्याच्याजवळ स्मरण नसते. मग तो प्रमाण कोठून घेतो? बहुधा इतरांच्या चित्रांवरून. अशा रीतीने चित्रावरून चित्र आणि आवडीवरून आवड घडत जाते आणि मूळ वास्तू दूर राहते. २००५ साली योशिदा आणि सहकारी यांनी टोन मॅपिंगच्या सात पद्धतींची तुलना प्रत्यक्ष अंतर्गृहांशी करविली. पाहणाऱ्यांसमोर चित्रे आणि खरी जागा दोन्ही होती. ह्या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या निकालापेक्षा त्याच्या रीतीत अधिक आहे. चित्राची परीक्षा दुसऱ्या चित्राशी न करता वस्तूशी करावयाची, हे तत्त्व त्याने स्वीकारले.

७

आजचा मोबाइल फोन हे सर्व काम निमिषार्धात आणि न सांगता करतो. गूगलच्या फोनांतील २०१६ साली वर्णिलेल्या पद्धतीत एकाच अल्प एक्स्पोजरच्या अनेक प्रती जुळवून गोंगाट कमी केला जातो आणि नंतर छाया उजळल्या जातात. परिणाम अनेकदा उत्तम असतो. परंतु वापरणाऱ्याच्या हाती सहसा केवळ अंतिम चित्र उरते. पोथ्या नष्ट करून केवळ छापील आवृत्ती ठेवावी असा हा प्रकार होय. उद्या त्या चित्रातील काजळी खरोखर तशी होती की आज्ञावलीने तशी केली, असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर देणारा साक्षी शिल्लक नसेल. ह्या पार्श्वभूमीवर एक्स्पोजर जपून ठेवून ती इतरांना देण्याच्या प्रघाताचे मोल सरावापलीकडे जाते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद तळाशी दिले आहेत. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याला तो बदलण्याची सामग्री त्याच पृष्ठावर उपलब्ध आहे. वास्तूच्या छायाचित्राकडूनही ह्याहून कमी अपेक्षा बाळगण्याचे कारण नाही. लोहाऱ्यासारख्या देवालयाचे एच. डी. आर. चित्र संशोधनासाठी सादर करताना मूळ एक्स्पोजर उपलब्ध असावीत, प्रत्येकाची वेळ नोंदलेली असावी आणि टोन मॅपिंगची पद्धत सांगितलेली असावी. चौकटीत करड्या रंगाचे प्रमाणपत्रक ठेवून घेतलेले एक एक्स्पोजर संचात असावे, म्हणजे दगडाचा रंग अनुमानावर राहणार नाही. ह्यांशिवाय चित्र काढणाऱ्याने जागेवर लिहिलेले चार ओळींचे टिपण असावे : कोणता प्रहर, किती दिवे, दारातून आत आल्यावर किती वेळाने काय दिसू लागले. ह्या टिपणाने दूरच्या संपादकाला, त्याला नसलेले स्मरण उसने मिळते.

जेथे छायाचित्रणास परवानगी असेल तेथे असे संच तयार करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. एक ट्रायपॉड, हाताने वेळ बदलता येणारा साधा कॅमेरा आणि सकाळचा निवांत प्रहर एवढ्या सामग्रीवर ते होऊ शकते. एकाच गाभाऱ्याच्या एकाच संचावर दहा जणांनी काम करावे, दहाही चित्रे शेजारी मांडावीत आणि नंतर सर्वांनी ती घेऊन त्या गाभाऱ्यात जावे. तेथे, डोळे सरावेपर्यंत थांबल्यावर, कोणत्या संपादकाने भाष्य केले आणि कोणी संहिताच बदलली, ह्याचा निर्णय करणे फारसे अवघड जाणार नाही.